डाव्या पानांची चळत

१

इलारिओला त्या दालनात सगळे दोन कारणांसाठी ओळखत. एक म्हणजे, सिगारच्या टोकाला त्याच्यासारखी टोपी बसवणारे हवाना शहरात फार तर चौघे असतील. आणि दुसरं म्हणजे, त्याच्या बाकाशेजारून जाताना माणूस खिशावर हात ठेवूनच जाई. चोर नव्हता हो तो! चोर वस्तू नेतो ती नेतोच. इलारिओ नेई, आणि तुम्ही रडकुंडीला आलात की तुमच्याच जेवणाच्या डब्यातून काढून दाखवी. मुकादमीण तोमासाबाईंचा चष्मा एकदा डिंकाच्या वाटीत सापडला होता. सत्तरीला टेकला तरी त्याची ही खोड गेली नव्हती.

दालन मोठं, छत उंच, शाळेसारख्या बाकांच्या रांगा. प्रत्येक बाकावर एक लाकडी पाट आणि पाटावर पातं. हे पातं म्हणजे अर्ध्या चंद्राच्या आकाराचा पोलादाचा तुकडा, मूठ नाही, काही नाही. त्यानेच पान कापायचं, त्यानेच सिगार पाटावर घोळायची, आणि कौतुक करायचं झालं तर त्यानेच पाट वाजवायचा. समोर चौथऱ्यावर वाचनबाई नेरेइदा बसे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. इलारिओ शाळेत तीनच वर्षं गेला; बाकीचं सगळं जग त्याला या चौथऱ्यावरून कळलं होतं. वाचन संपलं की दोनशे पाती एकदम पाटावर पडत. टाळी वाजवायला इथे कुणाचे हात मोकळे असतात?

प्रत्येक पात्याचा आवाज वेगळा. इलारिओच्या पात्याला टोकाशी तडा गेलेला, त्यामुळे ते फुटक्या कपासारखं ‘टच्’ करी.

त्या सोमवारी नेरेइदाने बुडत्या जहाजाच्या कादंबरीचं प्रकरण संपवलं. पाती वाजली. मग शांतता झाली. आणि त्या शांततेत, एक दम घेऊन, एकच आवाज आला. टक्.

स्वच्छ. घंटेसारखा.

सगळ्यांनी माना वळवल्या, अर्थातच इलारिओकडे.

“लाज वाटू दे रे म्हाताऱ्या,” मागच्या बाकावरचा रुपेर्तो म्हणाला. तोंडात सिगार असल्याने त्याचे शब्द नेहमी धुरातून येत. “मेलेल्या बाईची नक्कल करतोस?”

“मी नाही केली.”

“आणि त्या चष्म्याला पाय फुटले होते.”

दालन हसलं. इलारिओही हसला, कारण हसायची सवय होती. पण त्याची नजर डावीकडच्या बाकावर गेली. तो बाक रिकामा होता आणि त्यावरचा पाट उलटा ठेवलेला होता.

२

तो बाक बेनिग्नाचा. एकतीस वर्षं ती इलारिओच्या डाव्या हाताला बसली.

तिला ऐकू कमी येई. प्रकरण संपल्याचं तिला कानांनी नाही, डोळ्यांनी कळे. बाकीच्यांची पाती खाली पडलेली दिसली की मग ती आपलं वाजवी, सगळ्यांच्या मागून, एकटीच. “बेनिग्नाबाई, तुमचं गलबत कालच्या बंदरावरच आहे!” इलारिओ ओरडे. तिला ते ऐकू जात नसे. ती आपली ओठ दुमडून हसे.

आता पानांचं सांगायला हवं. तंबाखूचं बी खसखशीहूनही बारीक. शिंक आली तर वर्षाचं पीक गेलं म्हणा. त्याची रोपं लावायची, वरच्या वेष्टणासाठीची झाडं शेतभर पांढऱ्या कापडाखाली वाढवायची, पानं एकेक करून खालून वर खुडायची, सुईदोऱ्याने जोडीजोडीने ओवून कोठारात काठ्यांवर टांगायची, हिरव्याची पिवळी, पिवळ्याची तांबडी होऊ द्यायची. मग ढीग रचून त्यांना आपल्याच उबेने घामाघूम करायचं, पुन्हा निवांत निजवायचं. सिगारच्या पोटात जातात ती पानं, त्यांना बांधणारं एक आडदांड पान, आणि सगळ्यांवरून अंगरखा. अंगरख्याचं पान रेशमासारखं. बायका त्याची मधली शीर उपसून काढतात, की त्याचे दोन अर्धे होतात, डावा आणि उजवा. यातच सगळी गंमत आहे. उजवा अर्धा एका दिशेने गुंडाळतात, डावा उलट दिशेने. नाहीतर शिरा वर येतात आणि सिगार म्हाताऱ्याच्या हातासारखी दिसते.

बेनिग्ना डावखुरी होती. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोघांनी न बोलता वाटणी केली. डावी चळत तिची, उजवी याची. एकतीस वर्षांत त्यावरून कधी एक शब्द झाला नाही. शब्द बाकीच्या गोष्टींवरून झाले. आणि काही शब्द, जे व्हायला हवे होते, ते इलारिओने चेष्टेतच उडवून लावले.

ती गेल्यापासून दोन्ही चळती त्याच्या एकट्याच्या. आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं मेली होती. म्हणजे हलत, पण त्यांना पान लागत नसे. उजव्या पानांचं कसंतरी जमे. डाव्या पानांना डाव्या बोटांनीच ओढावं लागतं. ती फाटत, शिरा वर येत. खराब सिगारी तो हळूच मोडून पोटाच्या पानांत मिसळून टाकी. हे कुणालाच माहीत नव्हतं.

पण शुक्रवारी परीक्षा होती. पासष्टीपुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तोमासाबाईंसमोर पाच सिगारी वळायच्या. नापास झाला की बाक सोडायचा आणि खालच्या मजल्यावर जायचं, दुसऱ्यांनी वळलेल्या सिगारींना कागदाच्या अंगठ्या घालायला. तिथे वाचन ऐकू येत नाही. इलारिओला अंगठ्यांचं काही वाटत नव्हतं. पण तो चौथरा, ती पाती, तो डावीकडचा बाक! हे सोडून माणसाने जगायचं तरी कुठे?

मंगळवारी तो तयारीने बसला. प्रकरण संपलं, पाती पडली, आणि त्याने आपले दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

टक्.

“तोंडाने काढतो आवाज,” रुपेर्तो म्हणाला. “गुणी आहे म्हातारा.”

पण इलारिओ या वेळी हसला नाही. कारण आज त्याचे कान टवकारलेले होते आणि त्याला नीट कळलं होतं. आवाज रिकाम्या बाकावरून आला नव्हता. तो त्याच्या मांडीजवळून आला होता. त्याच्या स्वतःच्या खणातून.

त्या खणात, तळाशी, जुन्या फडक्यात गुंडाळलेलं बेनिग्नाचं पातं होतं.

३

या दालनाची रीत अशी, की वळणारं माणूस गेलं तर त्याचं पातं शवपेटीत त्याच्या हाताशी ठेवतात. त्याचा पाट उलटा करतात आणि वर्षभर बाकावर कुणी बसत नाही.

बेनिग्नाच्या शेवटच्या शुक्रवारी इलारिओने तिचं पातं लपवलं. मोठं काही नाही, नेहमीचंच. तिने खण शोधला, पाटाखाली शोधलं, डिंकाची वाटीसुद्धा उपसली. शेवटी उसनं पातं घेऊन दिवस काढला. निघताना ती त्याच्यासमोर उभी राहिली, हात पुढे करून. इलारिओने तिला नीट दिसेल असं तोंड मोठं उघडून सांगितलं, “सोमवारी मिळेल!”

सोमवारी ती आली नाही. रविवारी झोपेतच गेली होती.

आणि स्मशानात सगळे विचारत होते, पातं कुठे, पातं कुठे. तेव्हा याची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. जन्मभर चेष्टाच करत आलेल्या माणसाला एक खरी गोष्ट सांगणं किती जड जातं, ते त्यालाच ठाऊक. बेनिग्नाला रिकाम्या हाताने पुरलं. पातं लपवलं त्याला येत्या शुक्रवारी वर्ष होत होतं.

बुधवारी सकाळी त्याने खण उघडलाच नाही. मनाची समजूत घातली: लाकूड फुगतं, लाकूड वाजतं, समुद्राची हवा आहे. मग उजवी चळत संपवली. डाव्या चळतीत बारा पानं होती. तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि भात-घेवडा खायला खाली गेला. परत आला तेव्हा फडकं तसंच होतं, चारी कोपरे सरळ.

त्याने फडकं उचललं, तर खाली नुसता पाट.

पानं नव्हती. शेजारी बारा सिगारी पडल्या होत्या.

त्याने एक उचलली. अंगरखा डावीकडे वळलेला, शीर कुठे दिसेना. मग टोपी पाहिली, आणि ती डोळ्यांजवळ नेली. टोपीच्या कडेला अंगठ्याच्या नखाची बारीक चंद्रकोर होती. टोपी चिकटवल्यावर नखाने एकदा दाबायची, ही एकाच बाईची सवय होती.

“रुपेर्तो,” तो म्हणाला, “माझ्या बाकावर कोण बसलं होतं?”

“पोप.”

“खरं विचारतोय रे.”

“खरं?” रुपेर्तोने सिगार तोंडातून काढली, हे क्वचितच होई. “मागच्या महिन्यात माझ्या डब्यात बेडूक टाकताना तुला खरं आठवलं होतं का?”

इलारिओ पुन्हा पाटाकडे वळला. सरळ हिशोब आहे, त्याने मनाला सांगितलं. जेवायच्या आधी मीच वळल्या. वय झालंय, विसरलो. माणसं बायकोचं नाव विसरतात. पण मेलेली बोटं पाटाखाली त्याने एकमेकांवर घासली, आणि त्यांना काही लागलं नाही. या बोटांनी ही टोपी? छे.

तेवढ्यात तोमासाबाई रांगेतून आल्या. त्यांनी एक सिगार घेऊन बोटांत फिरवली, दाबली, वास घेतला, उजेडात धरली. “इलारिओ,” त्या म्हणाल्या, “इतकं नीट काम करायला काय झालं? तब्येत बरी आहे ना?”

“प्रेमात पडलोय, बाई.”

“जिला कळेल तिला आधी झीट येईल.” आणि त्या पुढे गेल्या. सिगार मात्र जुडीत व्यवस्थित ठेवून गेल्या.

४

गुरुवारी जेवायच्या सुट्टीत तो उठलाच नाही. दालन रिकामं झालं. पंखे फिरत होते. खिडकीच्या पट्ट्यांतून ऊन आत येऊन फरशीवर शिडीसारखं पडलं होतं. तंबाखूचा वास भरल्या दालनात कुणाला जाणवत नाही. रिकाम्या दालनात तो उभा राहतो, कोपऱ्यातल्या माणसासारखा.

डाव्या चळतीवर ओलं फडकं होतं. इलारिओने त्यावर नजर लावली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. काही नाही. त्याला हसू येऊ लागलं. बघ, म्हटलं, आहे काय?

मग त्याला आठवलं, की तो बघत असताना बेनिग्ना कधीच नवं पान काढत नसे. त्याने बघितलं की तो काहीतरी पळवतो, एवढं ती एकतीस वर्षांत शिकली होती. तो मान वळवेपर्यंत ती हात चळतीवर ठेवून थांबे.

त्याला उठून जावंसं वाटलं. उठला नाही. तो बाकावरच फिरला आणि डावीकडे पाठ करून बसला.

थोडा वेळ फक्त पंखे.

मग फडकं उचलल्याचा ओला आवाज आला. पान पाटावर पसरल्याचा आला, तळव्याने निपटताना येतो तसा. सर्र. मग पात्याने कड कापल्याचा. मग लाकडावर घोळण्याचा. आवाज त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर होता. सावकाश, बिनघाईचा, एकसारखा. मधूनच थांबे, आणि मग नखाचा अगदी बारीक ‘कट्’ होई.

एक. थोड्या वेळाने दुसरी.

तिसऱ्या सिगारीला त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला भीती वाटतेच आहे, पण पळावंसं वाटत नाही. वर्षभर डावीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. आज येत होतं. त्याचे डोळे भरले. त्याने डोळेही पुसले नाहीत, हलायचंच नव्हतं.

“उपकार झाले गं,” तो हळूच म्हणाला. मग तिला ऐकू येत नाही हे आठवून मोठ्याने म्हणाला, “उपकार झाले!”

मागचं घोळणं थांबलं.

खूप वेळ काहीच झालं नाही. आणि मग त्याच्या उघड्या मानेवर कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडला. थंड, ओल्या पानांच्या वासाचा.

घंटा झाली. जिन्यावर पावलं वाजली. तो वळला तेव्हा फडक्याचे चारी कोपरे सरळ होते, आणि बारा सिगारी.

५

शुक्रवारी तोमासाबाई खुर्ची घेऊन त्याच्या समोरच बसल्या. आजूबाजूच्यांनी कामं हळू केली. नेरेइदाने पुस्तक मिटून बोट खुणेला ठेवलं.

“पाच मोठ्या वळ,” बाई म्हणाल्या आणि चळतीतून मोजून पानं काढली. “पाचही डावी.”

“पाचही?”

“तू वर्षभर डावी पानं मोडून पोटात भरतोस, हे मला कळत नाही असं वाटतं? चष्मा माझा पळवलास, डोळे नाही.” मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघ, कालपरवाच्या सिगारी मी पाहिल्यात. म्हणून तर संधी देतेय. कर, बाबा.”

इलारिओने पोट बांधलं, साच्यातून काढलं. ते सोपं. मग डावं पान पसरलं. पानाचं टोक डाव्या बोटांत धरलं आणि ते सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. कपाळावरून घाम पाटावर पडला. मागे रुपेर्तोने सिगार विझवल्याचा वास आला.

खाली चौथऱ्याशिवायचा तो मजला. कागदाच्या अंगठ्या.

“बेनिग्ना,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

डावीकडून हवा गार झाली. मेलेल्या बोटांवर वजन आलं. त्यांना वर्षभर पान कळलं नव्हतं, पण हे कळलं. त्याने हाताकडे पाहिलं. हात त्याचाच होता, ठिपक्यांचा, म्हातारा. पण पाटावर त्याचं पातं आडवं पडलं होतं, आणि त्याच्या चकचकीत पोलादात तोच हात दिसत होता. त्या हातावर, डाव्या बाजूने येऊन, चार बोटं पसरली होती. तंबाखूने काळपट झालेली, अंगठ्याचं नख वाढलेलं. मनगटापुढे काय होतं ते पोलादात मावत नव्हतं. याबद्दल इलारिओ जन्मभर आभारी राहिला.

पान ओढलं गेलं. तलम, ताठ, उलट्या दिशेने. एक सिगार झाली. दुसरी झाली. पाचव्या टोपीला नखाचा ‘कट्’ झाला तेव्हा तोमासाबाईंनी श्वास सोडला.

त्यांनी पाचही उजेडात धरून पाहिल्या. पाचवीची टोपी त्या जास्तच वेळ बघत राहिल्या. चंद्रकोर त्यांच्याही ओळखीची होती. त्यांनी पाचही सिगारी जुडीत ठेवल्या. फक्त म्हणाल्या, “बाक तुझा.”

इलारिओ उठला. खण उघडला, तळातलं फडकं काढलं, ते सोडलं आणि शेजारच्या बाकावरचा उलटा पाट सरळ करून त्यावर पातं ठेवलं.

“मीच लपवलं होतं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “शेवटच्या शुक्रवारी. चेष्टेत. ती माझ्यामुळे रिकाम्या हाताने गेली.”

कुणी हसलं नाही. रुपेर्तोने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात किती तरी वेळ तिथेच राहिला. “बस आता,” तो म्हणाला. “नेरेइदा, जहाज बुडव बाई एकदाचं.”

नेरेइदाने शेवटचं प्रकरण वाचलं. चांगलं वाचलं. जहाज बुडालं, दोन माणसं फळीवर तरली. तिने पुस्तक मिटलं.

इलारिओने वाजवायला आपल्या पात्यासाठी हात पुढे केला. त्याच्या पाटावर पातं नव्हतं.

आत्ता तर होतं! त्याने पाटाखाली पाहिलं, खणात पाहिलं, डिंकाच्या वाटीत बोट घातलं. तेवढ्यात सगळ्या दालनाची पाती एकदम पडली, आणि त्यात, बरोबर वेळेवर, त्याच्या डाव्या हाताला एक आवाज झाला. टच्. फुटक्या कपासारखा, त्याच्याच पात्याचा.

शेजारच्या पाटावर बेनिग्नाचं पातं होतं, ठेवलं तिथेच, हललंही नव्हतं.

शांतता झाली. मग इलारिओने मूठ वळली आणि पाटावर मारली, सगळ्यांच्या मागून, एकट्याने.

“गलबत कालच्या बंदरावर आहे वाटतं!” पलीकडून कुणीतरी ओरडलं, आणि दालन खो खो हसलं. “काय शोधतोय रे? पातं? घ्या, चोराच्या घरी चोरी!”

“कुणी घेतलंय? द्या रे म्हाताऱ्याचं,” तोमासाबाई म्हणाल्या. पण कुणीच घेतलं नव्हतं. एकमेकांचे खणसुद्धा उघडून दाखवले.

“जाऊ दे,” रुपेर्तो शेवटी जाकीट चढवत म्हणाला. “सोमवारी मिळेल.”

इलारिओ त्याच्याकडे बघत राहिला. रुपेर्तोला ते शब्द कुणाचे हे माहीत नव्हतं. तो सहज बोलला होता. इलारिओला मात्र तिच्यासाठी न उजाडलेला तो सोमवार आठवला. आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकतीस वर्षं बाई नुसती ओठ दुमडून बसली होती. आता खेळी तिची होती. आणि काय खेळी!

“हो,” तो रिकाम्या बाकाकडे वळून, तिला नीट दिसेल असं तोंड मोठं उघडून म्हणाला, “सोमवारी.”

दालन रिकामं झालं. त्याने सोमवारची पानं मांडली, उजवी आणि डावी. दोन्ही चळतींवर ओली फडकी पसरली आणि चारी कोपरे सरळ केले. मग दोन्ही बाकांवरची भुकटी झटकली, टोपी डोक्यावर घातली, आणि खिशावर हात न ठेवता सावकाश जिना उतरला.